भारश्रम: तालमीतलं वजन आणि हमालाच्या पाठीवरचं पोतं

आजचा विषय रीलवर रोज दिसतो. कुणीतरी गच्चीवर रेतीनं भरलेलं पोतं कवेत घेतंय, खांद्यावर टाकतंय, परत खाली आपटतंय. खाली लिहिलेलं असतं, जिमची फी वाचवा, पोतं भरा. आणि कमेंटमध्ये हमखास एक जण विचारतो, ‘भाऊ, हे तर आमचे हमाल रोज करतात, त्यात काय एवढं?’

मला ती कमेंट फार आवडते, कारण त्या एका प्रश्नात जवळजवळ नऊशे वर्षांचा इतिहास आहे. एकाच वजनाचं, एकाच मापाचं पोतं एकाने उचललं तर व्यायाम आणि दुसऱ्याने उचललं तर हमाली, असं का? या दोघांमध्ये नेमका फरक कशाचा? आणि भिवंडीत राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न नाही विचारायचा तर कुणी विचारायचा? आपल्या आजूबाजूला गोडाऊनच गोडाऊन, आणि त्या प्रत्येकात कुणीतरी काहीतरी उचलतंय.

श्रम म्हणजे काय रे भाऊ?

आधी एका पुस्तकाकडे जाऊ. नाव ‘मानसोल्लास’. लिहिणारा राजा, कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर. काळ बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. आता ‘कल्याणी’ म्हटल्यावर तुमच्यापैकी निम्म्यांना आपलं शेजारचं कल्याण आठवलं असणार. ते हे नव्हे! हे बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. पण या चालुक्यांचं राज्य आजच्या महाराष्ट्राच्याही मोठ्या भागावर होतं, त्यामुळे पुस्तक अगदीच परकं नाही.

राजाने सुखात कसं राहावं, काय खावं, कुठले खेळ बघावेत, असं सगळं त्यात आहे. त्यातलं एक प्रकरण आहे ‘मल्लविनोद’, म्हणजे कुस्त्या. मल्लांचे प्रकार, त्यांचं खाणंपिणं, त्यांचा सराव, सगळं तपशीलवार. आणि सरावाचे जे प्रकार दिलेत त्यांची नावं ऐका: भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम, स्तंभश्रम. भारश्रम म्हणजे वजनाचा सराव. भ्रमणश्रम म्हणजे चालणं-फिरणं. सलिलश्रम म्हणजे पोहणं. बाहुपेल्लणक म्हणजे हाताला हात भिडवून रेटणं, आपल्या पंजा लढवण्याचा पूर्वज म्हणा. आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरचा व्यायाम, ज्याचं नातं आपण पुढच्या मल्लखांबाशी जोडतो.

गंमत बघा. यातल्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी ‘श्रम’ आहे. गुजरातेत मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचा ‘मल्लपुराण’ नावाचा ग्रंथ आहे, त्यातही तेच: रंगश्रम, स्तंभश्रम, जलश्रम. म्हणजे या पैलवानांच्या भाषेत श्रम या शब्दाचा अर्थच मुळी व्यायाम असा होता. आणि आज? आज ‘श्रम’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर श्रमिक येतो, श्रमदान येतं, ‘श्रमाची भाकर’ येते. जिमला जाणारा कुणी ‘आज मी श्रम केले’ असं म्हणत नाही. एकच शब्द, पण तो आखाड्यातून उठून बाजारात गेला.

त्याच मानसोल्लासात अजून एक नोंद आहे, मराठी माणसाला सुखावणारी. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओव्या गातात, असं राजाने लिहून ठेवलंय. ओवीचा हा फार जुना पुरावा म्हणून अभ्यासक त्याचा उल्लेख करतात. मी मात्र तिथे वेगळ्या कारणाने थांबतो. मुसळ उचलून उखळात मारायचं, पुन्हा उचलायचं, हे तासभर केलंत तर कळेल पकड म्हणजे काय. जात्याचा खुंटा, विहिरीचा दोर, डोक्यावरची हंड्यांची उतरंड, सगळी ताकद मनगटाची आणि पाठीची. राजाच्या पुस्तकात मल्लाचा भार हा ‘श्रम’ म्हणून प्रकरणात गेला. बाईचं मुसळ मात्र गाण्याच्या संदर्भात आलं. तिच्या हातातल्या ताकदीला व्यायामाचं नाव कुणी दिलं नाही.

मानसोल्लासातली अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. मल्लांना दूध, मांस, कडधान्यं, गोडधोड पुरवायची जबाबदारी राजाची. म्हणजे भार उचलणाऱ्याचा खुराक कुणीतरी स्वतःवर घेतला होता.

तालीम, नाल आणि लेझीम

आता राजाच्या दरबारातून गावच्या तालमीत येऊ. ‘तालीम’ हा शब्द अरबी, अर्थ शिक्षण. म्हणजे आपल्या पूर्वजांनी व्यायामाच्या जागेला शाळाच म्हटलंय. समोर मारुती, मध्ये हौदा, त्यात लाल माती, आणि मातीत ताक, तेल, हळद, लिंबू. कुस्तीच्या आधी हौदा उकरायचा. फावडं घेऊन दहा मिनिटं ती माती खालीवर करून बघा. मनगट, पंजा, पाठ, सगळं एकदम बोलायला लागतं. तालमीतला हा पहिला व्यायाम, आणि तो शेतकऱ्याच्या कामाचाच नमुना आहे.

मग साधनं. मुद्गल, म्हणजे जड लाकडी गदेसारखी वस्तू, खांद्यामागून फिरवायची. नाल, म्हणजे दगडाचं जड कडं किंवा मूठ कोरलेला दगड. सुमतोला, म्हणजे आत पकडायला मुठी कोरलेला लाकडाचा ओंडका. यातली बरीचशी वस्तू बाजारातून आणायची नव्हती. गावचा सुतार आणि पाथरवट ती बनवायचा. जे साहित्य गावात मिळेल त्याचं वजन करायचं, हीच पद्धत. आजच्या रेतीच्या पोत्याचं खरं घराणं हे आहे.

आणि लेझीम! शाळेत पंधरा ऑगस्टला छमछम करत आपण नाचलो ती लेझीम. तिचा जन्म धनुष्यातून झालाय. लाकडी दांडा आणि दोरीऐवजी लोखंडी साखळी, असं जड धनुष्य ओढून तिरंदाज हात तयार करायचे. म्हणजे मुळात ती ताकदीची वस्तू होती. पुढे तिचं वजन कमी झालं आणि ताल वाढला.

कुस्तीतल्या डावांची नावं ऐकलीत तर त्यातही काम दिसेल. ‘मोळी’ नावाचा डाव आहे. मोळी म्हणजे सरपणाचा भारा. प्रतिस्पर्ध्याला असा आवळायचा की त्याची मोळी बांधली गेली पाहिजे. ज्याने कधी जंगलातून मोळी बांधून आणली असेल त्यालाच हे नाव सुचणार.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक नवा पाहुणा आला, युजेन सँडो. पीळदार शरीराचं प्रदर्शन करून जगभर गाजलेला माणूस. १९०४-०५ मध्ये तो भारताच्या दौऱ्यावर आला होता. त्याच्या नावाने एक डंबेल विकलं जायचं, दोन भागांत कापलेलं, मध्ये स्प्रिंगा. ते उचलताना मूठ सतत आवळून धरावी लागायची. म्हणजे पकडीचा व्यायाम तेव्हाही विकायची वस्तू होती! सँडोनंतर हळूहळू बदल झाला. वजन कारखान्यात तयार होऊ लागलं, त्यावर आकडा आला, समोर आरसा आला.

आपल्या जुन्या साधनांची नोंद मात्र एका मराठी माणसाने नीट करून ठेवली. द. चिं. मुजुमदार. त्यांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला, १९३६ ते १९४९ या काळात, दहा खंड, आणि तोही मराठीत. जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल, कुस्ती, सगळं. कुठल्या वाचनालयात तो दिसला तर तासभर त्यातली चित्रं तरी बघा.

आता भिवंडी

हा झाला हौसेने वजन उचलणाऱ्यांचा इतिहास. आता पोटासाठी उचलणाऱ्यांकडे वळू, आणि त्यासाठी फार लांब जायला नको.

भिवंडी हे कामवारी नदीच्या काठचं, खाडीशी जोडलेलं जुनं व्यापारी गाव. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ताब्यात घेतली, ती काही हवा चांगली होती म्हणून नव्हे. घाटावरून येणारा माल आणि खाडीतून जाणारा माल इथे भेटायचा. आणि जिथे बैलावरचा माल होडीत जातो, तिथे मधली चार पावलं माणसाच्या पाठीवरून जातात.

पुढे हातमाग आले, उत्तरेतून विणकर आले, मग यंत्रमाग आले. बारा-बारा तासांच्या पाळ्या. कापडाचे ताके, सुताची बाचकी, लोखंडी बीम, सगळं गल्लीबोळातून माणसाच्या खांद्यावरून फिरणारं. त्यानंतर महामार्गालगत मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांच्या भातशेतीत गोडाऊन उभी राहिली. कारण साधं होतं. मुंबईत माल आत आणला की जकात. मग तो हद्दीबाहेर ठेवा, लागेल तसा आत न्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. पण तोवर भिवंडी देशातल्या मोठ्या गोदाम-पट्ट्यांपैकी एक झाली होती. आज तुम्ही मोबाइलवर बोट दाबता आणि जी वस्तू घरी येते, ती बऱ्याचदा आपल्या तालुक्यातल्या कुणाच्या तरी हातातून गेलेली असते.

आणि रेती. आपण ठाण्याकडचे लोक ‘रेती’ म्हणतो, घाटावर ‘वाळू’. कशेळी-काल्हेरच्या खाडीपट्ट्यात रेती काढायची जुनी पद्धत म्हणजे डुबी. होडीतून बांबूच्या आधाराने माणूस पाण्याखाली जायचा, श्वास रोखून लोखंडी बादली रेतीने भरायचा, आणि वरचे गडी दोराने ती खेचून घ्यायचे. पुन्हा डुबकी, पुन्हा बादली. ओल्या दोरावरची ती पकड, तो दम, हे कुठल्याही जिममध्ये शिकवता येणार नाही. पण त्यात कान गेले, डोळे गेले, माणसंही गेली. तेव्हा रील बनवणाऱ्या मित्रा, तुझ्या पोत्यातली रेती इतिहासाशिवाय आलेली नाही.

आता हमालाचं तंत्र जरा बारकाईने बघा. ट्रकला फळी लावलेली. दोघे पोतं उचलून देतात, तिसरा वाकून पाठीवर घेतो. डोक्यावर घ्यायचं असेल तर चुंबळ. पोत्याचा कान पकडायचा किंवा हूक लावायचा. पावलं छोटी, वेगाने, कारण थांबलं की वजन वाढल्यासारखं वाटतं. आत जाऊन थप्पीला पोतं असं टाकायचं की ते बरोबर जागेवर बसेल. हे सगळं कौशल्य आहे, उगाच नुसतं बळ नव्हे.

हिशोब करू. १० टनांचा ट्रक, ५० किलोची पोती. झाली २०० पोती. चार गडी असतील तर प्रत्येकी ५०. म्हणजे एका माणसाच्या पाठीवरून एका ट्रकमागे अडीच हजार किलो. आणि दिवसात ट्रक एकच येतो असं थोडंच आहे?

गोणीवर मार्का, दगडावर नाव

इथे मला एका लांबच्या देशाची गोष्ट सांगायचीय, कारण ती थेट आपल्या प्रश्नाला भिडते. जपानमध्ये कितीतरी जुन्या देवळांच्या आवारात गुळगुळीत, अंडाकृती मोठे दगड पडलेले दिसतात. त्यांना ‘चिकारा-इशी’ म्हणतात, म्हणजे ताकदीचे दगड. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, तांदळाच्या गोदामांत आणि धक्क्यांवर काम करणारे हमाल फावल्या वेळात हे दगड उचलायची पैज लावायचे. जो उचलेल त्याचं नाव आणि दगडाचं वजन त्या दगडावर कोरलं जायचं.

विचार करा. दिवसभर तांदळाची पोती वाहिलेला माणूस संध्याकाळी पुन्हा दगड कशाला उचलेल? वेडा आहे का? मला वाटतं, उत्तर त्या कोरीव अक्षरांत आहे. दिवसभर वाहिलेल्या गोणीवर व्यापाऱ्याचा मार्का होता. संध्याकाळच्या दगडावर त्याचं स्वतःचं नाव होतं.

आपल्याकडेही हे आहे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून बेळगाव, विजापूर, बागलकोटकडच्या जत्रांमध्ये ताकदीचे सामने लागतात. गुंडू म्हणजे गोल दगड उचलणं, संग्राणी कल्लू म्हणजे मूठ असलेला दगड एका हाताने उचलणं, आणि ‘उसुकिन चील’. उसुकु म्हणजे वाळू, चील म्हणजे पोतं. वाळूचं पोतं उचलायची स्पर्धा! म्हणजे रीलवर ‘नवीन ट्रेंड’ म्हणून जे फिरतंय ते आपल्या शेजारच्या जत्रेत आधीपासून आहे, हलगीच्या आवाजात आणि अख्ख्या गावासमोर. उचलणारे कोण? बहुतेक शेतकरी आणि मजूर. आपल्या तालुक्यातल्या आगरी-कोळी गावांच्या जत्रांमध्ये कुस्तीचा फड लागतो तेव्हा तिथेही तेच. मिठागरात, शेतात, खाडीत राबलेले हात फडात उतरतात.

त्यामुळे ‘व्यायाम श्रीमंतांचा आणि हमाली गरिबांची’ असं सरळ म्हणता येत नाही. कष्टकरी माणसालाही स्वतःसाठी वजन उचलायची हौस असते. फरक वजनात नसतोच. वजन किती हे कोण ठरवतो, कधी थांबायचं हे कोण ठरवतो, आणि नंतर जेवण आणि झोप मिळते की नाही, फरक या तीन गोष्टींत आहे.

वजन कोण ठरवणार?

आणि या तीन गोष्टींसाठी महाराष्ट्रात मोठी लढाई झालीय. पैलवानांची नव्हे, हमालांची.

एकेकाळी धान्याचं, साखरेचं पोतं शंभर किलोचं असायचं. एक पोतं, एक क्विंटल, हिशोबाला सोपं. व्यापाऱ्याच्या वहीला सोपं म्हणून माणसाच्या मणक्यावर शंभर किलो! पुण्यात १९५०च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. पोत्याचं वजन ५० किलोवर आणा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. याच हमालांनी पुढे ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं. आठवतंय ना, मल्लांचा खुराक राजाकडे होता? इथे राजा नव्हता, तर हमालांनी स्वतःचा खुराक स्वतः उभा केला.

मुंबईत अण्णासाहेब पाटील. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. त्या भागातून, साताऱ्या-सांगलीकडून, घाटावरून आलेली हजारो माणसं मशीद बंदर, दाणा बंदरला माथ्यावर ओझी वाहायची. माथ्यावर वाहतो तो माथाडी. आज काम आहे, उद्याचं माहीत नाही. मालक कोण, तेही धड ठाऊक नाही. अण्णासाहेबांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यातली कल्पना साधी पण जबरदस्त होती. कामगार आणि मालक दोघांचे प्रतिनिधी असलेली मंडळं. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर लेव्ही घेऊन त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी. असंघटित हमालाला पहिल्यांदा कागदावर नाव मिळालं. दगडावर नव्हे, पण निदान रजिस्टरवर.

जगातही याच सुमारास विचार चालू होता. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने माणसाने वाहायच्या कमाल वजनाबद्दल करार केला, आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. भारताने तो करार २०१० मध्ये मान्य केला. अमेरिकेतल्या ‘निऑश’ या संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र तर त्याहून कडक. सगळं अगदी आदर्श असेल, म्हणजे वजन अंगाशी, पकड चांगली, वळायचं नाही, तरी सुरुवात २३ किलोंपासून. मग वजन अंगापासून जितकं लांब, फेऱ्या जितक्या जास्त, तितका आकडा खाली. आपला कारखाना कायदा, १९४८, त्याचं कलम ३४ हेच सांगत होतं, की इजा होईल इतकं जड ओझं कुणालाही उचलायला लावू नये.

कायदे आहेत. पण गोडाऊनमध्ये ठेकेदाराकडून रोजावर आलेल्या पोराला हे कुणी सांगतं का? म्हणून मी सांगतोय.

पोतं घरी बांधायचं असेल तर

बरं, इतकं ऐकल्यावरही तुम्हाला पोतं उचलायचंच आहे, आणि उचला की! चांगलाच व्यायाम आहे. बारबेल सरळ असतो, दोन्हीकडे सारखा. पोतं मात्र हातात आल्यावर बसतं, घसरतं, एका कुशीला झुकतं. धरायला मूठ नसते म्हणून बोटं, पंजा, मनगट, दंड, छाती, सगळ्यांनी मिळून कवळावं लागतं. जिवंत माणूस उचलल्यासारखं वाटतं, म्हणूनच पैलवानाला ते उपयोगी.

पण एक हिशोब आधी पाठ करा. कोरडी रेती लिटरला साधारण १.६ किलो भरते. तांदूळ लिटरला ०.८च्या आसपास. म्हणजे २५ किलो तांदळाच्या रिकाम्या गोणीत गच्च रेती भरली तर ती जवळजवळ ५० किलो होते! गोणीवर २५ छापलंय म्हणून उचलायला गेलात की कंबर धरून बसाल. पाण्याच्या २० लिटरच्या जारमध्ये रेती भरली तर ३२ किलो. आणि रेती ओली असेल तर आणखी जड. तेव्हा भरल्यावर काट्यावर वजन करा. ओळखीच्या भंगारवाल्याकडे किंवा किराणा दुकानात काटा असतोच.

बांधणी अशी. जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाच-पाच किलो रेती, दुहेरी पिशवी, वर चिकटपट्टी. अशा पुड्या बाहेरच्या मोठ्या पिशवीत टाकायच्या. म्हणजे वजन कमी-जास्त करता येतं आणि रेतीची धूळ नाकात जात नाही. ती धूळ फुप्फुसाला वाईट, हे गमतीत घेऊ नका. बाहेरून कॅनव्हासची पिशवी किंवा चांगलं बारदान. तोंड दाभण-सुतळीने शिवा. जुन्या जीनचा पाय एका बाजूने शिवून टाकला तर पकडीसाठी झकास छोटं पोतं होतं. सिमेंटची वापरलेली गोणी मात्र नको, आतली भुकटी कातडी आणि श्वास दोन्हींना त्रास देते. आणि रेती विकत घ्या किंवा बांधकामावर विचारून घ्या. खाडीची काढू नका!

सुरुवात १५-२० किलोंनी. पोतं पायांजवळ, गुडघे वाकवून, अंगाशी घट्ट, मग उभं राहायचं. आधी मांडीवर, मग छातीशी. खांद्यावर टाकायची घाई नको, आणि टाकलंत तर दोन्ही खांद्यांवर आलटून पालटून. कवेत घेऊन चालणं हा त्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कामाचा प्रकार. पकडीसाठी पिशवीचे कान न धरता कापडच मुठीत आवळायचं. पाठ गोल व्हायला लागली किंवा श्वास अडकायला लागला की पोतं खाली. जांघेत किंवा पोटाशी फुगवटा दिसला तर हर्निया असू शकतो, तेव्हा थेट डॉक्टर. आणि हो, पोतं खाली आपटताना खालच्या मजल्यावरच्या काकूंचाही विचार करा.

आणि जो दिवसभर उचलतोच आहे तो?

एका ऐकणाऱ्या मित्राने मागे विचारलं होतं. गोडाऊनला दिवसभर पार्सल उचलतो, संध्याकाळी अंग कमवायला पोतं उचलू का? नाव सांगत नाही, पण असे हजारो आहेत.

दादा, माझं प्रामाणिक मत असं. तुझा भारश्रम झालेला आहे. मानसोल्लासातली यादी पुन्हा बघ, त्यात भाराबरोबर फिरणं होतं, पोहणं होतं, खांब होता. भार हा पाचांपैकी एक होता. तुझ्या दिवसात तो एकटाच सगळी जागा खाऊन बसलाय. तेव्हा कामाच्या दिवशी संध्याकाळी लटकणं, थोडं चालणं, पाठ मोकळी करणं, पोटभर डाळ-भात-अंडी आणि झोप. सुट्टीच्या दिवशी मात्र खुशाल पोतं उचल. हलकं, तुला आवडेल तेवढं. त्या दिवशी वजन तू ठरवलेलं असेल आणि खाली कधी ठेवायचं तेही तूच ठरवशील. ती मजा वेगळीच असते. जपानच्या त्या हमालांना ती कळली होती.

आणि सोमवारी कामावर गेलास की एवढं कर. पोत्यावर किती किलो छापलंय ते वाच. पन्नासच्या वर असेल तर दोघांनी उचला. ठेकेदाराला विचार, माथाडी मंडळात आपली नोंद आहे का. तो हसला तर हसू दे. शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणा म्हटलं होतं तेव्हाही लोक हसले असणारच.

आजचा भाग कसा वाटला ते कळवा. तुमच्या गावच्या जत्रेत दगड, गोटी किंवा पोतं उचलायची पैज लागत असेल तर त्याचं स्थानिक नाव आणि नियम मला व्हॉइस मेसेजने जरूर पाठवा. पुढच्या भागात आपण मल्लखांबाकडे जाऊ. तोवर काळजी घ्या, आणि वजन उचलताना पाठ सरळ ठेवा!